नवीन ट्रक ड्रायव्हर: ट्रेनिंगसाठी कंपनी कशी निवडावी? (अमेरिका)

कोलंबसकर
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. वय ४४, ओहायोत कोलंबसजवळ राहतो. नागरिकत्व आहे, त्यामुळे त्या बाजूची कटकट नाही. सध्या एका गोदामात शिफ्ट सुपरवायझर आहे, फोर्कलिफ्ट रोज चालवतो. क्लास ए सीडीएल (मोठ्या ट्रकचा व्यावसायिक परवाना) काढून ट्रक चालवायचं ठरवलंय. घरच्यांची अर्धी संमती आहे.

खाजगी शाळेची फी काही हजारांत जाते, ती खिशातून घालायची इच्छा नाही. मोठ्या कंपन्या 'फुकट' शिकवतात म्हणे. तीन रिक्रूटरशी बोललो. तिघंही इतकं गोड बोलतात की फोन ठेवल्यावर मला तिन्हीकडे जावंसं वाटतं. एक जास्त बोनस देतोय, दुसऱ्याची शाळा जवळ आहे, तिसरा म्हणतो सहा महिन्यांत स्वतःचा ट्रक घ्या.

निवडायचं कशावरून? धाकटी सातवीत आहे, त्यामुळे घरी किती येता येईल हा बायकोचा पहिला प्रश्न आहे. आणि मला शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. त्याने अडेल का?

बंडोपंत
सहा महिन्यांत स्वतःचा ट्रक! आणि एका वर्षात स्वतःचा महामार्ग. अभिनंदन.

अठराचाकी
बंडोपंत, थांबा जरा. कोलंबसकर, तिसऱ्याला आजच नमस्कार करा. कारण खाली लिहितो.

आधी मूळ मुद्दा. शाळा तीन-चार आठवड्यांत संपते. त्यानंतरचं निदान एक वर्ष त्याच मालकाकडे काढायचं असतं, कारण वर्षभराचा अनुभव नसलेल्या ड्रायव्हरला बऱ्याच कंपन्या दारातच उभं करत नाहीत. विम्याचं गणित असतं ते. तेव्हा रिक्रूटरला शाळेबद्दल कमी आणि त्या वर्षाबद्दल जास्त विचारा.

तरी शाळेचं थोडं सांगतो. ७ फेब्रुवारी २०२२ पासून नव्या माणसाला ईएलडीटी, म्हणजे ठरवून दिलेलं प्राथमिक प्रशिक्षण, पूर्ण केल्याशिवाय क्लास ए ची ड्रायव्हिंग परीक्षा देता येत नाही. ते प्रशिक्षण एफएमसीएसए या केंद्रीय ट्रक-सुरक्षा खात्याच्या ट्रेनिंग प्रोव्हायडर रजिस्ट्रीत नाव असलेल्या ठिकाणीच घ्यावं लागतं. ही यादी ऑनलाइन आहे, शाळेचं नाव स्वतः शोधा. २०२५ च्या डिसेंबरात या यादीतल्या जवळजवळ ३,००० नावांवर काट मारल्याचं सरकारने जाहीर केलं, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबू नका.

गंमत अशी की थिअरीत ८० टक्के मिळवायची अट आहे, पण गाडी किती तास चालवायची याचा आकडा नियमात नाही. शिक्षकाला वाटलं जमतंय, की झालं. म्हणून एकच प्रश्न विचारा: यार्डात एका ट्रकमागे किती विद्यार्थी? एका ट्रकवर पाच जण असले तर दहा तासांच्या दिवसात स्टिअरिंग तुमच्या हातात दोन तास. उरलेला वेळ कुंपणाशी उभं राहून दुसऱ्याने पाडलेले प्लास्टिकचे शंकू उचलायचे.

आता 'स्वतःचा ट्रक'. याला लीज-पर्चेस म्हणतात. कंपनीच तुम्हाला ट्रक भाड्याने देते, कंपनीच लोड देते आणि आठवड्याच्या चेकमधून हप्ता, डिझेल, विमा, देखभाल कापून घेते. लोड कमी पडले तर हप्ता तेवढाच राहतो. सरकारने याच प्रकाराची चौकशी करायला नेमलेल्या ट्रक लीजिंग टास्क फोर्सने २०२५ च्या जानेवारीत अहवाल दिला आणि असल्या योजनांवर बंदीच घाला अशी शिफारस केली. नव्या माणसाने त्यात पाऊल टाकायचं काहीच कारण नाही.

सह्यकडा
कंपनीच्या मागे लागण्याआधी तुमच्या काउंटीच्या ओहायोमीन्सजॉब्स केंद्रात एक चक्कर मारा. डब्ल्यूआयओए नावाचा २०१४ चा केंद्रीय कायदा आहे. त्यातून पात्र माणसाला कम्युनिटी कॉलेजच्या किंवा मान्यताप्राप्त शाळेच्या सीडीएल कोर्सचे पैसे मिळू शकतात. नोकरीत असलेल्याला मिळतीलच असं नाही, पण विचारायला काय जातं? मिळाले तर कुणाचा करार नाही, कुणाचं देणं नाही, परवाना हातात घेऊन मोकळेपणाने कंपनी निवडा. कॉलेजचा कोर्स जरा लांबतो, पण शिकवतात नीट.

अठराचाकी
@सह्यकडा, सहमत. शिवाय शाळेची फी महिन्याच्या हप्त्याने परत देणाऱ्या कंपन्याही आहेत.

शुगरबद्दल: गोळ्यांनी आटोक्यात असेल तर सहसा अडत नाही. इन्शुलिन घेणाऱ्यांनाही २०१८ च्या नियमबदलानंतर वेगळी सूट मागावी लागत नाही, त्यांचा डॉक्टर एक फॉर्म भरून देतो. मेडिकल कार्ड (ट्रक चालवायला लागणारा वैद्यकीय दाखला) जास्तीत जास्त २४ महिन्यांचं मिळतं, प्रकृती पाहून कमी मुदतीचंही देतात. पूर्ण मुदतीचं हवं तर रक्तदाब १४०/९० च्या आत हवा. घोरत असाल आणि मान जाड असेल तर स्लीप अ‍ॅप्नियाची (झोपेत श्वास अडखळण्याच्या आजाराची) चाचणी सांगतील. हे सगळं शाळेत जाण्याआधी करून घ्या. बसने दुसऱ्या राज्यात जाऊन तिथल्या तपासणीत नापास होऊन परत आलेले लोक मी पाहिलेत, आणि परतीचं तिकीट त्यांनी स्वतः काढलं.

ड्रग टेस्ट तर होणारच. ओहायोत गांजा कायदेशीर झाला असला तरी आपल्याला केंद्राचा नियम लागू, तिथे तो बंदच. एकदा पॉझिटिव्ह आलात की क्लिअरिंगहाउस या केंद्रीय नोंदवहीत नोंद होते आणि पुढची प्रत्येक कंपनी ती बघते. काही कंपन्या केसांचीही चाचणी करतात, तिचा मागोवा बराच मागे जातो.

बंडोपंत
आणि दिवाळीतल्या अनारशांच्या खसखशीचं काय? गंभीरपणे विचारतोय.

अठराचाकी
प्रश्न वाटतो तितका वेडगळ नाही. खसखशीत मॉर्फिनचा अंश असतो. त्याच कारणाने १९९८ मध्ये ओपिएटची मर्यादा ३०० वरून २,००० नॅनोग्रॅमवर नेली. दोन अनारशांनी बिघडू नये, पण चाचणीच्या आदल्या रात्री ताट भरून कशाला खायचं?

कोलंबसकर
बाप रे, एवढी माहिती. धन्यवाद सगळ्यांना. तिसऱ्या रिक्रूटरला नाही म्हणून कळवलं, तर तो म्हणाला 'सर, युवर लॉस'. शाळेनंतर ट्रेनरबरोबर काही आठवडे ट्रकमध्ये राहावं लागतं असं कळलंय. ते कसं असतं?

रातराणी
यावर मी बोलते. शाळेत नापास झालात तर पुन्हा परीक्षा देता येते. ट्रेनर वाईट मिळाला तर अनोळखी माणसाबरोबर कपाटाएवढ्या जागेत आठवडेच्या आठवडे काढावे लागतात. वरचा बंक तुमचा, खालचा त्याचा, आणि मधल्या दोन फुटांत दोघांचे बूट, डबे, चार्जर, सगळा संसार.

कंपनीला विचारायचा प्रश्न असा: मी चालवत असताना ट्रेनर शेजारच्या सीटवर असतो की मागे झोपलेला असतो? तुम्ही परमिटवर (शिकाऊ परवान्यावर) असाल तोवर सीडीएलवाल्याने शेजारी बसणं कायद्याने बंधनकारक आहे. परवाना हातात आला की ते बंधन संपतं, पुढे कंपनीच्या धोरणावर. काही ठिकाणी ट्रेनरला ट्रकच्या एकूण मैलांवर पैसे मिळतात, म्हणजे तुम्ही रात्रभर चालवायचं आणि तो घोरणार. कागदावर 'प्रशिक्षण', प्रत्यक्षात आळीपाळीने ट्रक चालवणारी स्वस्तातली जोडी. किती तास किंवा किती मैल तो जागा राहून शेजारी बसेल हे लेखी मागा. देत नसतील तर उत्तर मिळालंच.

दुसरं, ट्रेनर व्हायला किती अनुभव लागतो ते विचारा. सहा महिन्यांपूर्वी स्वतः शिकलेला माणूस ट्रेनर म्हणून येतो. माझा पहिला तसाच होता (कंपनीचं नाव विचारू नका, खाजगी निरोपातही सांगणार नाही). त्याला चढउतार चालवता यायचे, पण मागे घेताना तो स्वतःच घामाघूम. मी डिस्पॅचला फोन करून ट्रेनर बदलून मागितला, त्यांनी तीन दिवस मला एका टर्मिनलच्या ड्रायव्हर लाउंजमध्ये बसवून ठेवलं. दुसरी ट्रेनर भेटली ती मात्र हिरा. प्रत्येक डॉकवर (माल चढवण्या-उतरवण्याच्या धक्क्यावर) आधी ट्रक थांबवायला लावायची, खाली उतरून चारी बाजूंनी चालायला लावायची, वर बघायला लावायची. वर म्हणजे तारा, फांद्या, छपराची कड. मग विचारायची, "तुझ्या आंधळ्या बाजूला काय होतं?" सांगता आलं नाही तर पुन्हा उतर. पावसातसुद्धा.

ट्रेनर बदलून मागता येतो का, आणि मागितल्यावर त्या दिवसांचे पैसे मिळतात का, हे आधीच विचारून ठेवा. या धाग्यावर बायका वाचत असतील तर त्यांच्यासाठी: बाई ट्रेनर मिळेपर्यंत महिनोन्महिने घरी बसवून ठेवण्याचं धोरण २०१४ मध्ये एका फेडरल कोर्टाने भेदभावाचं ठरवलंय. तरी वेगळ्या खोलीची, बंकला कडीची, तक्रार नेमकी कुणाकडे करायची याची चौकशी पहिल्याच फोनवर करा.

स्वप्नील_एनजे
उत्तम धागा. वाचनखूण साठवली.

कलमकसाई
सवडीने लिहायचं होतं, आज बसलो. मी ट्रक चालवत नाही, पण मेहुण्याचा करार मीच वाचला होता.

'फुकट' शिक्षण म्हणजे बहुतेक वेळा वचनचिठ्ठी असते. कंपनी म्हणते, शिक्षणाची किंमत अमुक हजार डॉलर, वर्षभर काम करा, मग माफ. मधे सोडलंत तर भरा. यात बघायची जागा एकच: रक्कम दर महिन्याला उतरते का? ६,००० चं देणं बारा महिन्यांत सारखं उतरत असेल तर नऊ महिने भरून सोडताना १,५०० राहतात. उतरत नसेल तर अकराव्या महिन्यातही पूर्ण ६,००० अंगावर. दोन्ही करारांत पहिल्या पानावर 'एक वर्ष' इतकंच ठळक असतं.

मग हे वाचा: कंपनीने काढून टाकलं तर पैसे कोण भरणार? छोट्या अपघातानंतर काढलं तर? मेडिकल कार्ड गेलं तर? व्याज किती? शेवटच्या पगारातून कापणार का? मेहुण्याच्या करारात 'कोणत्याही कारणाने नोकरी संपल्यास' असे शब्द होते. 'कोणत्याही' मध्ये त्यांची मर्जीही आली. आम्ही ते बदलून मागितलं, त्यांनी नकार दिला, मेहुणा दुसरीकडे गेला.

वाद झाल्यास लवादाकडे जायचं असंही कलम असतं. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने न्यू प्राइम कंपनीच्या खटल्यात निकाल दिला की वाहतूक कामगार 'स्वतंत्र कंत्राटदार' म्हणून नोंदलेला असला तरी फेडरल लवाद कायद्याच्या जोरावर त्याला लवादात ढकलता येत नाही. राज्यांचे कायदे वेगळे असतात, त्यामुळे मोठी रक्कम असेल तर वकिलाला एकदा दाखवा.

आता पगार. रिक्रूटर सेंट-पर-माईल सांगतो. समजा ५५ सेंट. आठवड्याला २,००० मैल मिळाले तर १,१००. ऐकायला बरं वाटतं. पण गोदामाच्या दारात थांबलेले तास, डिझेल, तपासणी धरून आठवड्याला ६५ तास होतात. तासाला १७ च्या आसपास पडले. आणि राज्याराज्यांत फिरणाऱ्या ड्रायव्हरला केंद्राच्या कायद्याने ४० तासांनंतरचा ओव्हरटाइम मिळत नाही, तो त्यातून वगळलेला आहे. तुमचा सुपरवायझरचा पगार याच्या शेजारी मांडून बघा. आठवड्याला मैल किती देता हे विचारू नका, आकडा फुगवूनच सांगतील. पहिल्या वर्षाच्या ड्रायव्हरला हमीचा किमान पगार आहे का, एवढं विचारा. ट्रेनिंगच्या काळात रोज किती देतात तेही.

पर-डिएमचा मोह पण सांभाळून. पगाराचा काही भाग भत्ता म्हणून दाखवतात, त्यावर कर लागत नाही, हातात जास्त येतं. पण डब्ल्यू-२ वर (पगाराच्या वार्षिक दाखल्यावर) उत्पन्न कमी दिसतं. घराचं कर्ज काढायचं असेल तर बँक तो कागद बघते.

सह्यकडा
साष्टांग नमस्कार, कलमकसाई. आयडी सार्थ केलात.

कोलंबसकर
तासाला १७ हे वाचून बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे घरापासून लांब राहून कमी पगार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रातराणी
तुम्ही गोदामात आहात, फोर्कलिफ्ट येते, कोलंबसजवळ राहता. मग एवढ्या लांब कशाला बघताय? एलटीएल कंपन्या बघा, म्हणजे अनेकांचा थोडा थोडा माल एकाच ट्रेलरमधून नेणाऱ्या. ओल्ड डोमिनियन, साया, एस्टिस, एक्सपीओ. यांच्याकडे डॉकवर काम करणाऱ्यालाच ड्रायव्हर करण्याचे कार्यक्रम आहेत. डॉकवर तासाच्या पगारावर लागा, काही महिन्यांनी त्यांच्याच यार्डात त्यांचाच माणूस शिकवतो. मी सध्या एलटीएललाच लाइनहॉल करते, रात्री दोन पप (आखूड) ट्रेलर घेऊन निघते, अर्ध्या वाटेवर दुसऱ्या टर्मिनलच्या ड्रायव्हरशी अदलाबदल करून सकाळी परत. दिवसा झोप, पण स्वतःच्या पलंगावर.

अठराचाकी
इथे मी असहमत. एलटीएलचा पैसा चांगला, घर मिळतं, मान्य. पण पहिलं वर्ष लांबच्या मार्गावर काढलेला ड्रायव्हर वेगळा तयार होतो. हिवाळ्यात वायोमिंगमधला आय-८० चा वारा, टेनेसीतला मॉन्टईगलचा उतार, रात्री दोनला अनोळखी शहरात दोन ट्रकांच्या मधल्या फटीत रिव्हर्स. डबल ट्रेलर तर मागे घेताच येत नाहीत, त्यामुळे लाइनहॉलवाला रिव्हर्स विसरून जातो. रातराणी, राग मानू नका.

रातराणी
राग कसला. पण ज्याची मुलगी सातवीत आहे त्याला मॉन्टईगल दाखवून काय करायचंय? आणि आम्ही विसरत नाही, डॉकला लावताना एकेक ट्रेलर सुटा करून लावतोच की.

खरा तोटा सांगते. एलटीएलमध्ये सगळं सीनिऑरिटीवर चालतं. नवा माणूस एक्स्ट्रा बोर्डवर, म्हणजे फोन आला की हजर. रात्रपाळी, सुट्टीचे दिवस, सगळं त्याच्या वाट्याला. धंदा मंदावला की सर्वात आधी त्याचेच तास कापतात. आणि मोठी कंपनी म्हणजे अढळ असंही नाही. यलो २०२३ च्या ऑगस्टमध्ये दिवाळखोरीत गेली, सुमारे ३०,००० लोकांच्या नोकऱ्या गेल्या.

अठराचाकी
ठीक आहे, त्यांच्या परिस्थितीत डॉकवरून जाणं बरं, हे मान्य करतो. लांबच्या मार्गाचा मोह सुटत नसेल तर नंतरही जाता येतं.

कुठेही गेलात तरी एफएमसीएसएच्या सेफर साइटवर कंपनीचं स्नॅपशॉट उघडा. तपासणीत किती ट्रक आणि किती ड्रायव्हर 'आउट ऑफ सर्व्हिस' (रस्त्यावर चालवायला मनाई) ठरले ते टक्क्यांत असतं, शेजारीच देशाची सरासरी छापलेली असते. अपघातांचा नुसता आकडा बघून घाबरू नका, हजारो ट्रक असलेल्या कंपनीचा तो मोठाच दिसणार. ट्रकांच्या संख्येशी ताडून बघा. सीएसए या सरकारी सुरक्षा-गुणांकनातले पर्सेंटाइल मात्र मालवाहू कंपन्यांसाठी २०१५ पासून लोकांना दिसत नाहीत.

आणि परीक्षा ऑटोमॅटिक ट्रकवर दिलीत तर परवान्यावर मॅन्युअल न चालवण्याची अट पडते. हल्ली फारसं अडत नाही, पण माहीत असू द्या.

एक गोष्ट मात्र आत्तापासून घोकायला घ्या, कंपनी कुठलीही असो. एअर ब्रेकची तपासणी. पोरं गाडी उत्तम चालवतात आणि इथे नापास होतात. इंजिन बंद, किल्ली ऑन, दोन्ही ब्रेक सोडलेले, पाय पेडलवर घट्ट, एक मिनिट काट्याकडे बघायचं. ट्रॅक्टर-ट्रेलरला हवेचा दाब ४ पीएसआयपेक्षा जास्त उतरता कामा नये. मग पेडल मारत राहायचं, कमी हवेचा भोंगा ५५ च्या खाली जाण्याआधी वाजला पाहिजे, आणि २० ते ४५ च्या दरम्यान पिवळी-लाल बटणं आपोआप बाहेर आली पाहिजेत. करताना आकडे मोठ्याने बोलायचे, इंग्रजीत, परीक्षकाला ऐकू जातील असे. मनातल्या मनात केलेल्या तपासणीला गुण नाहीत.

बंडोपंत
माझ्या मनातल्या मनात मी कधीच क्लास ए झालोय.

कोलंबसकर
अपडेट देतो. पहिल्या दोन रिक्रूटरना कलमकसाई आणि रातराणींचे प्रश्न ईमेलने पाठवले. बोनसवाल्याचा करार महिन्याला उतरत नाही, आणि कुठल्याही कारणाने नोकरी संपली तरी पूर्ण रक्कम. दुसऱ्याचा उतरतो, पण ट्रेनर किती तास शेजारी बसेल यावर 'डिपेंड्स' एवढंच उत्तर. ओहायोमीन्सजॉब्सवाले म्हणाले, नोकरीत असल्यामुळे सध्या कठीण.

दरम्यान घरापासून पंचवीस मिनिटांवरच्या एका एलटीएल टर्मिनलला जाऊन आलो. संध्याकाळच्या पाळीला डॉकवर जागा आहे. ड्रायव्हर कार्यक्रमासाठी निदान सहा महिने डॉकवर काढावे लागतात म्हणाले. शिक्षणानंतर त्यांच्याकडेही करार आहे, पण महिन्याला उतरणारा. बायकोने विचारलं, "संध्याकाळची पाळी म्हणजे मुलीला शाळेतून आणणार कोण?" त्यावर चर्चा चालू आहे.

एक शंका. ते म्हणाले, हॅझमॅट (धोकादायक माल) आणि डबल्स (दोन ट्रेलर) या दोन्ही एंडोर्समेंट, म्हणजे परवान्यावरच्या जादा परवानग्या, लागतील. आत्ताच काढता येतील का?

रातराणी
परमिटवर ती दोन्ही चढत नाहीत, आधी सीडीएल हातात हवं. डबल्सला नुसती लेखी परीक्षा. हॅझमॅटला मात्र आधी ईएलडीटीची थिअरी, शिवाय टीएसए या केंद्रीय सुरक्षा खात्याची पार्श्वभूमी तपासणी, बोटांचे ठसे. त्याला काही आठवडे लागू शकतात, म्हणून सीडीएल मिळालं की लगेच अर्ज टाका. टँकरचं पण विचारून घ्या. मोठे टोट (द्रवाच्या टाक्या) वाहायचे असतील तर तेही मागतात, आणि ते परमिटवरही चढतं.

कलमकसाई
करार हातात आला की नावं खोडून इथे टाका. सही करण्याआधी.